अस्वल, दगड आणि आजोबांचं नाव

बाळासाठी नाव शोधणाऱ्याला यादी हवी असते. डावीकडे नाव, उजवीकडे अर्थ. आस्ट्रिड म्हणजे दैवी सौंदर्य, हाराल्ड म्हणजे सेनेचा अधिपती, ब्योर्न म्हणजे अस्वल. स्कॅन्डिनेव्हियन, म्हणजे स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या नावांच्या अशा याद्या इंटरनेटवर पोत्याने सापडतात. त्यांतले अर्थ सगळेच चुकीचे नसतात. पण ज्यांनी ही नावं ठेवली त्या लोकांनी अर्थाचा असा विचार क्वचितच केला होता.

जुनी नॉर्स, म्हणजे या देशांच्या मध्ययुगातल्या भाषेतली, नावं बहुतेक जोडनावं. दोन डबे आहेत असं समजा. पहिल्या डब्यात पुढे लागणारे तुकडे : तोर हा देव, गुद म्हणजे देव, आस म्हणजे देवकुळातला, सिग म्हणजे विजय, राग्न म्हणजे देवांची मसलत, गुन आणि हिल्ड म्हणजे लढाई, इंग हे फ्रेय देवाचं जुनं नाव. दुसऱ्या डब्यात मागे लागणारे : मुलग्यांसाठी स्टाइन (दगड), ब्योर्न (अस्वल), उल्फ (लांडगा), वाल्ड (सत्ता असलेला), गाइर (भाला); मुलींसाठी हिल्ड, फ्रिद (सुंदर, लाडकी), रून (गूढ, गुपित), बोर्ग (गढी, आसरा). बाप तोरस्टाइन आणि आई गुनहिल्ड असेल, तर मुलीचं नाव तोरगुन होई, मुलाचं गुनस्टाइन. एक तुकडा इकडचा, एक तिकडचा. नावावरून घर ओळखू येई, आणि तेवढ्यासाठीच हा खटाटोप होता.

म्हणूनच या नावांचा समास सोडवायला जाऊ नये. चंद्रशेखर म्हटलं की आपल्याला विग्रह करता येतो : चंद्र आहे शिखरावर ज्याच्या तो. गुनहिल्डचा विग्रह केला तर ‘लढाई-लढाई’ असं काहीतरी हाती लागतं. तोरस्टाइन म्हणजे तोरचा दगड, तोरने दिलेला दगड की तोरसारखा दगड, या प्रश्नाला उत्तरच नाही. हाराल्डमधले दोन तुकडे, सेना आणि सत्ता, उलटे जोडले की जर्मन वाल्टर तयार होतं. म्हणजे तुकड्यांच्या क्रमालाही फारसं महत्त्व नव्हतं. यादीवाले मात्र दोन शब्दांमध्ये षष्ठीचा ‘चा’ घुसवून सुबक वाक्य बनवतात.

तुकडे ओळखायचे तर आधी झीज ओळखावी लागते. आसफ्रिदमधला ‘फ’ गळाला, ‘स’ आणि ‘र’ यांच्यामध्ये ‘त’ शिरला आणि आस्ट्रिड झालं. इंगफ्रिदचं इंग्रिड झालं. तोरकेटिलचं तोरकेल झालं, नुसत्या केटिलचं शेल. हे शेल रोमन लिपीत के, जे, ई आणि दोन एल असं लिहितात. केटिल म्हणजे हंडा, काहील. स्वीडन-नॉर्वेतल्या एका अख्ख्या पिढीतले कितीतरी प्रतिष्ठित गृहस्थ नावाने हंडे आहेत आणि त्याचं कोणालाही काही वाटत नाही.

संस्कृतची थोडी ओळख असलेल्याला या डब्यांत नातेवाईक भेटतात. उल्फ आणि वृक (भीमाच्या वृकोदर या नावातला) हे एकाच मुळाचे. सिग आणि सहस् एकाच धातूचे. फ्रिद आणि प्रीत सख्खी भावंडं. तोर हा मुळात नुसता गडगडाट, त्याचं नातं संस्कृतातल्या मेघगर्जनेच्या ‘स्तनित’शी. ब्योर्नची गोष्ट वेगळी. अस्वलासाठी आपल्याकडे ऋक्ष हा मूळ शब्द टिकला. उत्तरेकडच्या जंगलांत मात्र तो शब्द उच्चारायचीच भीती बसली, म्हणून लोक त्या प्राण्याला ‘तो तपकिरी’ म्हणू लागले, आणि ब्योर्न हा शब्द त्यातून आला असं मानतात. कोकणात रात्री सापाचं नाव न घेता ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात, तीच तऱ्हा. फरक एवढाच की आपण लांबडं हे नाव मुलाला ठेवत नाही.

दगड मात्र आपणही ठेवला. स्टाइन, तोरस्टाइन, ऑयस्टाइन ही नॉर्वेतली भक्कम, कौतुकाची नावं. आपल्याकडचे दगडू आणि धोंडू वेगळ्या कारणाने आले : आधीची मुलं दगावलेली असत, म्हणून पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि यमाचंही लक्ष जात नाही. तिकडच्या दगडात टिकाऊपणा, इकडच्या दगडात हुलकावणी. यादीत दोघांसमोर ‘दगड’ एवढंच लिहिलेलं असेल.

याद्यांची खरी फजिती होते ती सरमिसळ झालेल्या नावांपाशी. लिव्ह हे नाव जुन्या ‘हलीव्ह’वरून आलं, म्हणजे आसरा, रक्षण, पण आजच्या स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिशमध्ये ‘लिव्ह’ म्हणजे जीवन, आणि आज ते नाव ठेवणारे आईबाप जीवन हाच अर्थ धरून ठेवतात. मग खरा अर्थ कोणता? माझं मत, दोन्ही. सूल्वाय, जे लिहिताना सोलवेग असं दिसतं, त्यात सगळ्यांना सूर्य दिसतो. पण पहिला तुकडा बहुधा ‘साल’, म्हणजे घर, दालन. फ्रेया ही प्रेमाची देवता खरी, पण तो शब्द मुळात नाव नाही, पदवी आहे : मालकीण, बाईसाहेब.

आक्सेल हे नाव ऐकताच डोळ्यांपुढे कुऱ्हाड घेतलेला व्हायकिंग उभा राहतो. ते बायबलमधल्या अब्सालोमचं डॅनिश रूप आहे, हिब्रू. कोपनहेगनचा संस्थापक मानला जाणारा बाराव्या शतकातला बिशप अब्सालोन, त्याचंच नाव. ऑस्कर तर त्याहून लांबून आलेलं. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या जेम्स मॅकफर्सनने ‘ओसियन’ नावाच्या प्राचीन कवीची म्हणून काव्यं छापली, त्यात ऑस्कर हा वीर होता. नेपोलियनला त्या काव्यांचं वेड होतं. त्याचा सेनानी बर्नादोत याला १७९९ साली पॅरिसमध्ये मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ऑस्कर ठेवलं गेलं. पुढे बर्नादोत स्वीडनचा राजा झाला, १८४४ मध्ये मुलगा ऑस्कर पहिला म्हणून गादीवर बसला, आणि स्वीडनच्या घराघरांत ऑस्कर जन्मू लागले. मूळ गेलिक, प्रसिद्धी एका वादग्रस्त काव्यामुळे, नामकरण फ्रान्समध्ये, आणि तरी आज ते पक्कं स्वीडिश.

माग्नुसची गोष्ट सागांमध्ये, म्हणजे तिकडच्या जुन्या गद्यकथांमध्ये, आहे. नॉर्वेचा राजा ओलाव, जो पुढे संत ओलाव झाला, त्याला १०२४च्या सुमारास एका दासीपासून रात्री मुलगा झाला. मूल अशक्त, जगेल याची खात्री नाही, आणि राजाला झोपेतून उठवायची कोणाची छाती नाही. शेवटी सिगवात या राजकवीने पाद्र्याला बाप्तिस्मा द्यायला सांगितलं आणि नाव स्वतःच ठरवलं : माग्नुस. सकाळी राजा भडकला. हे कसलं नाव, आमच्या घराण्यात असं नाव नाही! सिगवात म्हणाला, कार्लामाग्नुस राजावरून ठेवलं, जगात त्याच्याहून थोर माणूस मला माहीत नाही. कार्लामाग्नुस म्हणजे युरोपातला जुना सम्राट शार्लमेन; त्याचं नाव कार्ल. माग्नुस ही लॅटिन पदवी, ‘थोर’. कवीने पदवी उचलून नाव केलं. ते पोर जगलं, १०३५ मध्ये नॉर्वेचा आणि १०४२ मध्ये डेन्मार्कचाही राजा झालं, आणि माग्नुस हे उत्तरेतल्या राजघराण्यांचं आवडतं नाव होऊन बसलं.

मुलींत लिनेआची साखळी मला सगळ्यात सुंदर वाटते. स्वीडनच्या स्मोलांड प्रांतातल्या एका घराच्या जमिनीवर लिंडचं एक मोठं झाड होतं. त्या घरातला निल्स शिकायला गेला तेव्हा त्याला आडनावाची गरज पडली. त्याने झाडावरून लिनेउस हे लॅटिन वळणाचं आडनाव घेतलं. त्याचा मुलगा कार्ल वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, साऱ्या जगातल्या झाडांना दुहेरी नावं देणारा. त्याच्या सन्मानार्थ उत्तरेकडच्या जंगलात उगवणाऱ्या, एका देठावर दोन गुलाबी घंटा लोंबणाऱ्या नाजूक वेलीला लिनेआ बोरेआलिस हे नाव मिळालं. आणि त्या फुलावरून मुली. झाड, आडनाव, माणूस, फूल, मुलगी. स्वीडनमध्ये लिनेआ हे दुसरं नाव म्हणून इतकं चालतं की शाळेच्या वर्गात हाक मारली नाही तरी कागदोपत्री दोन-तीन निघतात.

बाकी चर्चबरोबर आलेली संतांची नावं, ती तिकडच्या जिभेवर घासून घासून लहान झाली. लॉरेन्शियसचं लार्स, निकोलाउसचं निल्स, सेवेरिनुसचं सोरेन, कॅथरिनचं कारिन आणि कारेन. योहानेसचं डेन्मार्कमध्ये येन्स झालं. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर आलेल्या त्याच नावाचं जुवांव झालं. या नावांचा ‘अर्थ’ हिब्रू-लॅटिनमध्ये शोधण्यात हशील नाही. येन्स नाव ठेवणाऱ्याला फार तर येन्स नावाचा आजोबा आठवत असतो.

आजोबा. खरी किल्ली इथे आहे. विसाव्या शतकापर्यंत नॉर्वे-डेन्मार्कच्या खेड्यांत नाव निवडण्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, मुलींना आज्यांची. बायको वारली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तर दुसरीच्या पहिल्या मुलीला वारलेल्या पहिलीचं नाव. या प्रथेला नॉर्वेजियनमध्ये ‘ऑपकालिंग’ म्हणतात, म्हणजे नाव पुन्हा हाकारणं. नियम इतका घट्ट की दोन्ही आजोबांचं नाव ‘ओले’ असलं तर घरात दोन ओले जन्मत, थोरला आणि धाकटा. वंशावळ शोधणारे इथे हमखास फसतात : एकाच घरात एकाच नावाची दोन मुलं दिसली की पहिलं वारलं असेल असं गृहीत धरतात, आणि दोघंही म्हातारे होऊन मेलेले असतात.

मराठी घरांत आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत आहेच, पण तिला एक अडचण चिकटलेली : सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही. मग पाळण्यात एक नाव आणि हाकेला बाळ्या, अप्पा नाहीतर नाना. स्वीडनमध्ये हाकेच्या नावाला सरकारदरबारी जागा आहे. मुलाला दोन-तीन नावं देतात, त्यातलं एक ‘तिल्टाल्सनाम्न’, म्हणजे ज्या नावाने बोलवायचं ते; आणि ते पहिलंच असावं लागत नाही. विमानाचं तिकीट काढताना किंवा परदेशातल्या बँकेत खातं उघडताना यामुळे घोळ होतो, कारण इतर देशांतली यंत्रणा पहिलं नाव तेच हाकेचं नाव धरून चालते.

आता आइसलँड. काटेकोर बोलायचं तर ते स्कॅन्डिनेव्हियात मोडत नाही, पण जुनी भाषा तिथेच टिकली. तिथे बहुतेकांना आडनाव नाही. बापाचं किंवा आईचं नाव, पुढे ‘सोन’ किंवा ‘दोत्तिर’. टेलिफोनच्या यादीत लोक पहिल्या नावाने लावलेले. आपल्या मधल्या नावासारखंच, फक्त पुढचं आडनाव गाळलेलं. १९९१ पासून तिथे तीन जणांची नामसमिती आहे. मंजूर यादीत नसलेलं नाव ठेवायचं तर तिच्याकडे अर्ज करावा लागतो. समितीची मुख्य कसोटी अर्थाची नाही, विभक्तीची आहे. नावाला आइसलँडिक षष्ठीचा प्रत्यय लागतो का? नाहीतर ते भाषेत रुळलेलं आहे का?

मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं. आपण ‘पाऊस’चं ‘पावसाला’ करतो. तिकडे माणसाच्या नावाचंही सामान्यरूप होतं. हा ब्योर्न, ब्योर्नबद्दल, पण बिर्नीकडून, आणि ब्यार्नारकडे. हा एगिल, पण आग्लीकडून, एगिल्सकडे. षष्ठीचं रूप जमलं नाही तर पुढच्या पिढीचं ‘सोन’ आणि ‘दोत्तिर’ जोडायचं कशाला? योनचं योन्स, म्हणून मुलगा योन्ससोन. लिहिताना दोन ‘स’ एकापुढे एक येतात त्याचं कारण हेच. शिवाय नाव आइसलँडिक वर्णमालेत लिहिता आलं पाहिजे, आणि तिच्यात सी, क्यू, डब्ल्यू ही अक्षरं नाहीत. एका मुलीचं नाव आईने ब्लायर, म्हणजे मंद वारा, असं ठेवलं. शब्द व्याकरणात पुल्लिंगी, म्हणून मुलीला नामंजूर. पंधरा वर्षं सरकारी कागदांवर तिच्या नावाच्या जागी ‘स्तूल्का’ म्हणजे ‘मुलगी’ एवढंच होतं. ३१ जानेवारी २०१३ला रेक्याविकच्या जिल्हा न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१९च्या कायद्याने नावांवरचं लिंगाचं बंधनच काढून टाकलं. विभक्तीचं बंधन मात्र आहे, आणि ते असावं असं मला वाटतं. भाषा जगवायची तर वाक्यात वाकणारी नावं लागतात.

इतर तीन देशांत कारभार सैल आहे, पण मुदती पक्क्या. स्वीडनमध्ये जन्मापासून ३ महिन्यांत नाव कर खात्याला कळवायचं. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये ६ महिने. नॉर्वेत मुदतीत आडनाव कळवलं नाही तर मुलाला आईचं आडनाव लागतं. बापाचं आपोआप लागेल या समजात राहिलेल्या भारतीय जोडप्यांनी हे लक्षात ठेवावं. डेन्मार्कमध्ये जन्मनोंद चर्चच्या परगण्यामार्फत होते, धर्म कोणताही असो. फक्त दक्षिण युटलँडमध्ये ते काम नगरपालिकेकडे आहे. डेन्मार्कमध्ये मुलग्यांची, मुलींची आणि दोघांना चालणारी अशा मंजूर नावांच्या तीन याद्या आहेत. नाव त्यांत नसेल तर वेगळा अर्ज करावा लागतो, तेव्हा मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये. स्वीडनमध्ये यादी नाही, पण इतरांना आक्षेपार्ह वाटेल किंवा मुलालाच त्रास होईल असं नाव नाकारतात. १९९६ साली एका जोडप्याने नामकायद्याचा निषेध म्हणून मुलाला ४३ अक्षर-अंकांचं नाव दिलं, उच्चार म्हणे ‘आल्बिन’. न्यायालयाने ५,००० क्रोनर दंड कायम ठेवला. मग त्यांनी नुसतं ‘ए’ हे एक अक्षर सुचवलं, उच्चार तोच. तेही फेटाळलं.

आणि उच्चार. इथे मराठी माणसाला जन्मजात सोय आहे, जी इंग्रजांना नाही. मध्य स्वीडन आणि पूर्व नॉर्वेच्या बोलीत ‘र’पुढे दंत्य व्यंजन आलं की दोन्ही मिळून मूर्धन्य होतात : र-स चा ष, र-त चा ट, र-द चा ड, र-न चा ण. लार्स हे तिथे लाष असतं, शाळेत शिकवलेला पोटफोड्या ष. आन्देर्स म्हणजे आन्देष. बेर्तिल म्हणजे बेटिल. आर्नेचा उच्चार सरळ ‘आणे’. कार्ल अनेकांच्या तोंडी आपल्या ‘काळ’च्या इतका जवळ जातो की दचकायला होतं. दक्षिण स्वीडनचा स्कोने प्रांत, नॉर्वेतला बर्गनचा परिसर आणि सगळा डेन्मार्क घशातून ‘र’ काढतात, तिथे हे घडत नाही. डॅनिश लोक तर व्यंजनं गिळतात : माड्सचं मॅस होतं, सिग्नेचं सीने.

उलट दिशेने पाहिलं तर तिकडे जन्मलेल्या मराठी मुलांच्या नावांपुढे दोन खड्डे आहेत. पहिला जे या अक्षराचा, तो तिथे ‘य’. जयाचं याया होईल, ओजसचं ओयास, राजचं राय. दुसरा खड्डा स्वीडिशमध्ये के आणि जी या अक्षरांपुढे इ, ए आल्यावर : के बदलून ‘श’सारखा, जी बदलून ‘य’. नियमाने वाचलं तर किरणचं शीरान, गिरीशचं यीरिश, आणि कीर्तीचं, मूर्धन्य ट धरून, चक्क शिटी. परकं नाव दिसलं की लोक सांभाळून वाचतात, पण दवाखान्यात घाईत हाक मारणारी नर्स दर वेळी सांभाळेलच असं नाही. मीरा, तारा, उमा, लीला, नीला, माया यांना कुठेच धक्का लागत नाही. मायाला तर तिकडची सख्खी जोडीदारीण आहे, फक्त ती जे अक्षराने लिहितात.

तिकडून नाव इकडे आणणाऱ्यांनीही कान उघडे ठेवावेत. राग्नफ्रिद या देखण्या जोडनावाचं नॉर्वेत झिजून जे घरगुती रूप झालं, ते रांडी. आजीच्या पिढीतल्या हजारो सभ्य बायकांचं नाव. नागपूर-मुंबईच्या शाळेत ते पोरीच्या मागे कसं लागेल हे सांगायला नको. मूळ राग्नफ्रिद मात्र बेलाशक आणावं.

पासपोर्टचं तेवढं राहिलं. नावात वर वर्तुळ असलेला ए असेल तर यंत्राने वाचायच्या ओळीत तो दोन ए होतो; आडवी रेघ मारलेला ओ, किंवा दोन टिंबांचा ओ, यांचं ओ-ई होतं. ओसे हे नाव तिथे चार रोमन अक्षरांचं दिसतं आणि सोरेन हे सहा अक्षरांचं. तिकीट काढताना टिंब नुसतं गाळायचं नाही, त्या खालच्या ओळीत जसं आहे तसं लिहायचं.